निशाण पुन्हा मैदानात आणा : गोव्यातील पेंटबॉल संयोजकांस खुले पत्र

प्रति,
गोव्यातील पेंटबॉल मैदानांचे चालक, स्पर्धांचे संयोजक आणि संघांचे कप्तान यांस
माहितीसाठी प्रत : संचालक, क्रीडा व युवा व्यवहार संचालनालय, गोवा सरकार

विषय : स्पर्धात्मक पेंटबॉलला लागलेली उतरती कळा आणि त्यातली मौज परत आणण्याबाबत

सन्माननीय महोदय व महोदया,

गेल्या फेब्रुवारीत उत्तर गोव्यातील एका मैदानावर पाच-पाच जणांच्या संघांची पेंटबॉलची, म्हणजे रंगाच्या गोळ्या झाडून समोरच्याला बाद करण्याच्या खेळाची, स्पर्धा भरली होती आणि तिचा पंच म्हणून मी उभा होतो. नावे आठ संघांनी दिली होती. सकाळी नऊ वाजता मैदानावर तीन हजर होते, आणि त्यांतला एक तर जवळच्या हॉटेलात उतरलेल्या पाहुण्यांमधून ऐनवेळी जमवलेला होता. अकराच्या आत सगळे सामने आटोपले. जिंकलेल्या संघाच्या कप्तानाने करंडक गाडीच्या डिकीत टाकला आणि मास्क पुसत मला म्हणाला, "सर, फुडल्या वर्सा आमी येवचे नात. आतां मजाच ना." म्हणजे पुढच्या वर्षी आम्ही येणार नाही, आता मजाच उरली नाही. हरलेल्याने असे म्हटले असते तर मी ते मनावर घेतले नसते. पण जिंकणाऱ्यालाच जिंकल्याचा कंटाळा आला असेल, तर दोष खेळाडूंत नसून आपण मांडलेल्या खेळात आहे, असे मला त्या दिवसापासून वाटू लागले आहे, आणि म्हणून हे पत्र.

मी फोंड्याचा. बारा वर्षे हा खेळ खेळलो, आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून पंचाचे काम करतो. कुंडई औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्यात, जिलेटिनच्या मऊ कॅप्सूल तयार होतात त्या विभागात, माझी नोकरी आहे. त्यामुळे "तू आठवडाभर ज्या गोळ्या बनवतोस त्याच रविवारी अंगावर घेतोस" अशी माझी थट्टा मित्रमंडळी नेहमी करतात. थट्टा खरीच आहे. पेंटबॉलची गोळी ही 0.68 इंच व्यासाची, म्हणजे साधारण 17 मिलिमीटरची, जिलेटिनची कॅप्सूलच असते. आत औषधाऐवजी पॉलिएथिलीन ग्लायकोल आणि पाण्याने धुऊन जाणारा रंग असतो. जिलेटिनच्या दोन पट्ट्या दोन फिरत्या साच्यांमधून जातात, मध्ये द्रव भरला जातो आणि दोन्ही अर्ध एकमेकांस चिकटतात. कॉड लिव्हर ऑइलची कॅप्सूल होते तशीच ही होते, आणि सुरुवातीच्या काळातील गोळ्या आर. पी. शेरर या मऊ कॅप्सूलच्याच कंपनीने बनवून दिल्या होत्या. ही ओळख मी बढाईसाठी देत नाही. गोळी ही काय वस्तू आहे हे मला ठाऊक आहे, आणि आपल्या स्पर्धांत बिघडले ते गोळीपाशीच, असे माझे म्हणणे आहे.

हा खेळ कुठून निघाला याची आठवण करून देणे आवश्यक वाटते, कारण आपल्यापैकी अनेकांनी तो थेट हवेने फुगवलेल्या आडोशांच्या, म्हणजे बंकरांच्या, मैदानावरच पाहिलेला आहे. पहिली बंदूक खेळासाठी जन्मलीच नव्हती. झाडांवर आणि गुरांवर दुरून रंगाची खूण करता यावी म्हणून अमेरिकेतील नेल्सन पेंट कंपनीसाठी ती तयार झाली होती. शहरात मुरलेला माणूस रानात टिकेल, की रानात वाढलेलाच त्याच्यावर मात करील, असा एक वाद काही मित्रांत चालला होता आणि त्याचा निकाल लावण्यासाठी 27 जून 1981 रोजी न्यू हॅम्पशर राज्यातील हेनिकर गावाजवळच्या जंगलात बाराजण उतरले. एकेकटे खेळायचे, रानात ठेवलेली निशाणे गोळा करायची आणि गोळी न लागता बाहेर यायचे, एवढाच नियम होता. त्या दिवशी जिंकला रिची व्हाइट नावाचा जंगलाच्या कामातला माणूस, आणि दिवसभरात त्याने एकही गोळी झाडली नाही.

एकही नाही! स्पर्धात्मक पेंटबॉलच्या पहिल्याच विजेत्याने बंदूक वापरली नव्हती, ही गोष्ट प्रत्येक मैदानाच्या दारावर रंगवून ठेवावी असे मला वाटते. त्या काळच्या मार्करला, म्हणजे गोळ्या झाडणाऱ्या बंदुकीला, दर गोळीनंतर हाताने खटका ओढावा लागे, बारा ग्रॅमच्या छोट्या वायूच्या कुपीवर तो चाले, आणि नळीत मावत त्या मूठभर गोळ्या. त्यामुळे गोळी झाडणे हा शेवटचा उपाय होता. खरा खेळ होता सरपटणे, दबा धरणे, पालापाचोळा न वाजवता चालणे, समोरच्याला चकवणे आणि पळत सुटणे. ज्यांनी लहानपणी कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) किंवा काजूच्या बागायतीत लपाछपी खेळली आहे त्यांना यात नवीन काही सांगायला नको.

पुढे जे झाले ते एका दिवसात झाले नाही, आणि कोणी दुष्टपणाने केलेही नाही. खटका ओढण्याचा मार्कर गेला आणि 1990 च्या सुमारास आपोआप पुढची गोळी भरणारा आला; 1996-97 मध्ये शॉकर, एंजल असे विजेरीवर चालणारे मार्कर आले; त्यांच्या आत बसवलेली इलेक्ट्रॉनिक चकती (चिप) बोटाच्या एका स्पर्शामागे अनेक गोळ्या सोडू लागली, ज्याला आपण रॅम्पिंग म्हणतो. जंगल मागे पडून सपाट मैदान आले, त्यावर फुगवलेले बंकर आले, एका बाजूला लांबलचक 'स्नेक', दुसऱ्या बाजूला त्रिकोणी 'डोरिटो'. 2002 मध्ये एक्स-बॉलचा प्रकार आला, त्यात एकदा निशाण नेऊन सामना संपत नाही तर गुण मोजत पुन्हा पुन्हा डाव मांडला जातो, आणि मैदानाबाहेरून ओरडून सूचना देण्यालाही त्याने जागा करून दिली. हे सारे त्या वेळी प्रगतीच वाटत होते आणि काही अंशी ती होतीही. पहिल्या तीन सेकंदांत पाचही जण आपापल्या बंकरकडे झेपावतात तो ब्रेकआउट मी आजही डोळ्यांची पापणी न लववता पाहतो. वेगवान पेंटबॉल सुंदर नाही असे मी कधीच म्हणणार नाही. माझ्याकडेही विजेरीचा मार्कर होता आणि तो विकताना मला दोन दिवस जेवण गोड लागले नव्हते.

पण हिशेब करून पाहावा. सेकंदाला पंधरा गोळ्या सोडणारा मार्कर दोनशे गोळ्यांचा हॉपर (मार्करवरचा गोळ्यांचा डबा) सव्वातेरा सेकंदांत रिकामा करतो. दोन हजार गोळ्यांचा अख्खा खोका एकटा खेळाडू सव्वादोन मिनिटांत संपवू शकतो. प्रत्यक्षात कोणी इतके सलग झाडत नाही हे खरे. तरीही दिवसभराच्या स्पर्धेत पाचजणांच्या संघाला चार-पाच खोके लागणे यात आता कोणाला नवल वाटत नाही. गोळी चार रुपयांना पडते असे धरले तरी एका खोक्याचे आठ हजार रुपये होतात. आपल्याकडे एका फुटबॉलवर वाड्यावरच्या बावीस पोरांचा मोसम निघतो. ज्या खेळात जिंकण्याची शक्यता खोक्यांच्या संख्येबरोबर वाढते, त्या खेळात डिचोलीच्या कॉलेजातला मुलगा दुसऱ्यांदा येणार नाही, आणि त्याने येऊ नये अशीच आपण व्यवस्था केली आहे.

डिचोलीचा उल्लेख उगाच केलेला नाही. काही वर्षांपूर्वी तिथल्या कॉलेजातली सहा मुले मीच एका स्पर्धेला नेली होती. त्यांच्या हातांत मैदानाचे भाड्याचे साधे यांत्रिक मार्कर होते आणि समोरच्या संघाकडे विजेरीचे. पहिल्याच डावात आमचा सर्वांत चपळ मुलगा बंकर बदलताना पाठमोरा सापडला आणि त्याच्या पाठीवर नऊ गोळ्या फुटल्या. समोरच्याने मुद्दाम केले असे नाही. पहिली गोळी लागलेली पाहून बोट उचलेपर्यंत अर्ध्या सेकंदापेक्षा थोडा जास्त वेळ गेला, आणि तेवढ्या वेळात तो मार्कर नऊ गोळ्या सोडतोच. मुलगा रडला नाही. त्याने शर्ट वर करून वळ मोजले, हसला, आणि त्यानंतर पुन्हा कधी आला नाही. त्या सहांपैकी एकही पुन्हा आला नाही. मैदानाच्या चालकांनी त्या दिवशी माझी समजूत घातली की खेळ म्हटला की लागायचेच. लागण्याला माझी हरकत नव्हती आणि नाही. एक गोळी लागली की माणूस बाद होतो, मग उरलेल्या आठ कशासाठी होत्या, एवढाच माझा प्रश्न होता.

आणखी एक गोष्ट या खेळाला आतून पोखरत आली आहे, तिच्याकडे फारसे कोणी बोट दाखवत नाही. मोठ्या स्पर्धांत बंकरांची मांडणी आधीच जाहीर होते आणि संघ ती आपल्या सरावाच्या मैदानावर हुबेहूब उभारून घोटून घेतात. कोणत्या कोपऱ्यातून कोणत्या फटीत किती गोळ्या सोडत राहायच्या हे पाठांतराचे काम होते. ही शिस्त मोठ्या संघांना शोभते. पण आपल्या लहानशा प्रांतात, जिथे दुसरे मैदान उभारण्याची ऐपत फक्त मैदानाच्या मालकाच्या संघाला असते, तिथे ही पद्धत उचलणे म्हणजे परीक्षेची प्रश्नपत्रिका वर्गातल्या एकाच मुलाला आदल्या आठवड्यात देण्यासारखे आहे.

ज्या देशाचे अनुकरण आपण करतो तिथे काय घडले तेही पाहू. गुणफलक, ठरावीक वेळ, खच्चून ओरडणारे प्रेक्षक अशा साजासह हा खेळ दूरचित्रवाणीवर आणण्याचे तिथे पुष्कळ प्रयत्न झाले. परंतु सेकंदाला नव्वद मीटरच्या गतीने जाणारी बोराएवढी गोळी कॅमेऱ्याला दिसत नाही, आणि मास्कमागचा चेहराही दिसत नाही. घरी बसलेल्याला दिसतात ती फुग्यांमागे दडलेली दहा माणसे. 2008 च्या मंदीने प्रायोजकांचे हात आखडले. इलेक्ट्रॉनिक मार्करच्या पेटंटवरून इतरांना कोर्टात खेचणारी स्मार्ट पार्ट्स कंपनी 2010 मध्ये बंद पडली. पीएसपी ही प्रमुख लीग 2014 च्या मोसमानंतर उठली आणि तिच्या जागी एनएक्सएल आली. मधल्या काळात पुष्कळसे खेळाडू एअरसॉफ्ट या प्लास्टिकच्या छर्ऱ्यांच्या खेळाकडे गेले, काही घरी बसले. पण मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. ज्या लीगांनी कधीकाळी सेकंदाला पंधरा गोळ्यांना मुभा दिली होती, त्यांनीच ती मर्यादा पायरीपायरीने खाली आणत दहाच्या आसपास आणली, आणि आज एनएक्सएलच्या स्पर्धांत यांत्रिक मार्करचे स्वतंत्र गट खेळतात. दुसरीकडे पेनसिल्व्हेनियातील स्कर्मिश या मैदानावर नॉर्मंडीच्या लढाईचा देखावा उभा करून हजारो माणसे एकाच वेळी जंगलात उतरतात. त्यांत वडील असतात, मुली असतात, पोट सुटलेले बँकवाले असतात आणि करंडकाची फिकीर कोणालाच नसते. ज्यांनी हा खेळ वेगाच्या मागे नेला तेच आता मागे वळून पाहत असताना आपण मात्र त्यांची पंधरा वर्षांपूर्वीची नियमपुस्तिका हातात घेऊन बसलो आहोत.

आपल्याला तर मागे वळायला हेनिकरपर्यंत जाण्याचेही कारण नाही. रायबंदरहून किंवा जुन्या गोव्याहून फेरीबोटीत बसून दिवाडीला जावे. तिथे ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेरा साजरे होते. बोंदेरा हा शब्दच मुळी निशाणासाठी असलेल्या पोर्तुगीज शब्दावरून आला आहे. वाड्यावाड्यांत हद्दीवरून भांडणे होत, प्रसंगी रक्त सांडे, म्हणून पोर्तुगीज अंमलात हद्दींवर निशाणे रोवण्यात आली. लोकांनी ती पाडून टाकण्याचा उद्योग आरंभला, आणि कालांतराने त्या भांडणाचा खेळ झाला. त्या खेळातले हत्यार म्हणजे फोटाश : बांबूची पोकळ नळी, तिच्यातून फटकन उडणारी रानफळे, समोरच्या वाड्याची निशाणे आणि दोन्ही बाजूंना पिकलेला हशा. निशाण, नळी, नळीतून उडणारे छोटे गोल फळ, आणि कोणाला फारसे न लागणारे युद्ध! हेनिकरच्या बाराजणांच्या कितीतरी आधी हा खेळ आपल्या बेटावर होता, आणि आपण मात्र पेंटबॉल हा परदेशातून आलेला, गोव्याच्या अंगाला न लागणारा खेळ आहे अशी तक्रार करत असतो.

अंगाला रंग, पीठ नि चिखल लागण्याची तर आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या मंदिरासमोर चिखलकाला रंगतो तेव्हा एरवी इस्त्री न मोडणारे गृहस्थ चिखलात लोळतात. आमच्या आजी-आजोबांच्या काळातल्या इंत्रुजात (कार्निव्हलात) पिठाच्या पुड्या आणि रंगीत पाणी एकमेकांवर फेकले जाई, आजच्यासारखी सारी मजा चित्ररथांच्या कडेला उभे राहून पाहण्याची नव्हती. शिगम्यातल्या गुलालाबद्दल वेगळे सांगायला नकोच. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे गावातला कोणीही माणूस त्यात उतरू शकतो आणि उतरण्यासाठी त्याला आठ हजारांचा खोका लागत नाही.

फुटबॉलचे उदाहरणही डोळ्यांसमोर ठेवावे. 2012 मध्ये सरकारने त्याला राज्याचा खेळ म्हणून जाहीर केले. चारच वर्षांनी, 2016 मध्ये, धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे आपले तीन नामांकित संघ आय-लीगमधून बाहेर पडले. एखाद्या लहान राज्याच्या खेळाला केवढा मोठा धक्का! तरी भाताची कापणी झाली की मळ्यांत गोलपोस्ट उभे राहिलेच, आणि संध्याकाळी अनवाणी पोरे खेळतातच. वरचा मजला ढासळला तरी खालचे जोते शाबूत होते. पेंटबॉलचा आपण वरचा मजला तेवढा बांधला, करंडकासह. जोते घातलेच नाही.

तेव्हा माझी विनंती अशी आहे की येत्या मोसमापासून प्रत्येक मैदानाने महिन्यातून एक तरी स्पर्धा अशी भरवावी की जिच्यात प्रत्येक खेळाडूला एका डावासाठी पन्नासच गोळ्या मिळतील, त्याही मैदानाने मोजून दिलेल्या, आणि मार्कर सर्वांचे यांत्रिक असतील. पन्नास हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. आमच्या जुन्या मंडळींबरोबर मी शंभर, ऐंशी, पन्नास आणि तीस असे सगळे खेळून पाहिले. शंभर गोळ्या असल्या की माणूस विचार न करता झाडतो. तीस असल्या की नवखा घाबरून झाडतच नाही आणि डाव रेंगाळतो. पन्नासाला मात्र दहाव्या मिनिटाला प्रत्येकजण हॉपर हलवून आत किती उरल्या ते कानाने मोजू लागतो, आणि तिथून पुढे खरा पेंटबॉल सुरू होतो. गोळ्या संपलेल्या माणसानेही मैदान सोडू नये. त्याला धावता येते, ओरडता येते, समोरच्याचे लक्ष वेधून घेता येते आणि निशाण पळवता येते. आमच्या एका डावात हॉपर रिकामा असलेल्या बाईंनी, ज्या एका शाळेत गणित शिकवतात आणि ज्यांचे वय मी सांगणार नाही, सरळ चालत जाऊन निशाण उचलून आणले, कारण त्यांच्याकडे गोळ्या नाहीत हे समोरच्या तिघांना ठाऊकच नव्हते. त्या दिवशी मैदानावर जो हशा पिकला तो मी करंडकाच्या कोणत्याही सामन्यात ऐकलेला नाही.

निशाण असलेच पाहिजे, आणि विजय निशाणानेच ठरावा. समोरचे सगळे बाद झाले म्हणजे जिंकलो, ही सोय काढून टाकावी. दहा पावलांच्या आत बेसावध गाठलेल्या माणसावर गोळी न झाडता त्याला "शरण!" म्हणावे आणि त्याने निमूटपणे हात वर करून बाहेर यावे, याने नवख्यांच्या पाठीवरचे वळ निम्म्याने कमी होतील. मैदानाची मांडणी सकाळी सर्वांना एकाच वेळी दाखवावी. संघ मैत्रीवरून किंवा खिशावरून न जमवता गावावरून किंवा वाड्यावरून जमवावेत : म्हापसा विरुद्ध पेडणे, माशेल विरुद्ध साखळी. आपल्याकडे गावाच्या नावाने माणूस जसा पेटतो तसा प्रायोजकाच्या नावाने पेटत नाही.

जागेबद्दल थोडे. काजूचा हंगाम सरला की डोंगरउतारावरच्या बागायती मोकळ्या होतात, झाडांची बुटकी, वाकडी खोडे आणि खाली सुका पाला, याहून चांगला आडोसा कोणता? मालकाची परवानगी, ठरलेली हद्द आणि फणसाच्या झाडांपासून चार हात दूर राहण्याचे भान एवढे असले की पुरे. कुळागराच्या वाटेला मात्र जाऊ नये. पाट फुटला तर मालक जे बोलेल ते ऐकण्यासारखे नसेल.

आता माझ्या धंद्यातल्या गोष्टी, ज्यांच्याकडे बहुतेक मैदाने दुर्लक्ष करतात. आमच्या कारखान्यात कॅप्सूल वाळवण्याच्या खोलीत हवेतली आर्द्रता वीस ते तीस टक्क्यांवर बांधून ठेवावी लागते. आपल्या किनाऱ्यावर थंडीचे दिवस सोडले तर ती सत्तरच्या खाली क्वचितच जाते, आणि पावसाळ्यात तर बोलायलाच नको. जिलेटिन ओलावा पिते, गोळी फुगते, तिचा गोलपणा जातो. मग एक तर ती नळीतच फुटते, नाही तर समोरच्याच्या अंगावर आपटून न फुटता उडते. भाड्याचा मार्कर हातात घेतलेल्या नवख्याला वाटते की आपला नेमच धड नाही, आणि तो खट्टू होऊन जातो; दोष असतो काउंटरवर चार दिवस उघड्या पडलेल्या पिशवीचा. खोका फोडला की त्याच दिवशी संपवावा, उरलेल्या गोळ्या झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात. जून ते सप्टेंबर खेळ बंदच ठेवावा हे बरे, कारण पावसात जिलेटिनची गोळी म्हणजे पाण्यात पडलेला बत्तासा. आणि खेळ संपल्यावर न फुटलेल्या गोळ्या वेचायला अर्धा तास द्यावा. त्या चवीला गोडसर असतात. भटक्या कुत्र्याने त्या बऱ्याच खाल्ल्या तर त्याच्या शरीरातले पाणी आतड्यांकडे ओढले जाते, तोल जातो, झटके येतात. माणसासाठी निरुपद्रवी असलेली वस्तू कुत्र्यासाठी तशी असेलच असे नाही.

सुरक्षिततेच्या बाबतीत मी कोणतीही सवलत मागत नाही. दर स्पर्धेच्या सकाळी प्रत्येक मार्कर क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीची गती मोजणाऱ्या यंत्रावर, तपासून सेकंदाला 300 फुटांच्या आतच ठेवावा, बागायतीतल्या जवळच्या खेळासाठी त्याहूनही खाली. आणि मैदानात मास्क वर करणारा कितीही मोठा खेळाडू असो, त्याला त्या दिवसापुरते घरी पाठवावे. आपल्या दमट हवेत मास्कच्या काचेवर वाफ धरते आणि म्हणूनच माणसे तो वर करतात, तेव्हा मैदानांनी नव्या मार्करांवर पैसे घालण्याआधी दुहेरी काचेचे मास्क घ्यावेत.

माझ्या सूचनांवर मैदानचालक काय म्हणतील ते मला आताच ऐकू येते आहे : आमचे पोट गोळ्यांच्या विक्रीवर चालते, आणि तुम्ही गोळ्याच कमी करायला सांगता. आक्षेप रास्त आहे. दहा खेळाडूंनी पाचशे गोळ्या झाडल्या तर पाच हजार विकल्या जातात. साठ जणांनी पन्नास झाडल्या तर तीनच हजार. गोळ्यांत तोटा आहे, मी तो लपवत नाही. पण त्या साठ जणांकडून प्रवेशशुल्क घेता येते, मास्क नि मार्करचे भाडे घेता येते, दुपारचे शीतकढीचे, म्हणजे भात नि कालवणाचे, जेवण विकता येते, आणि मुख्य म्हणजे पुढच्या महिन्यात ते साठ पुन्हा येतात. पर्यटकांच्या बाबतीत मला काही बदलायचे नाही. लग्नाआधीची धमाल करायला आलेली बेंगळुरूची पोरे हवे तेवढे झाडोत, त्यांच्या पैशांवर मैदान चालते हे मला मान्य आहे. महिन्यातला एक रविवार तेवढा मी मागतो आहे.

जुने स्पर्धक म्हणतील की हा खेळ मागे नेण्याचा प्रकार आहे. त्यांना माझे एवढेच सांगणे की आधी पन्नास गोळ्यांत मला बाद करून दाखवा. गुडघे दुखत असूनही मी उतरेन.

संचालनालयास ही प्रत पाठवताना मला मान्यता, अनुदान किंवा पदके यांपैकी काहीही मागायचे नाही. 2023 मध्ये आपल्याकडे झालेल्या सदतिसाव्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत 43 खेळ होते आणि पुण्यात जन्मलेल्या रोल बॉललाही त्यांत जागा मिळाली, याचा एक मराठी माणूस म्हणून मला आनंदच झाला. पण पेंटबॉल आज त्या रांगेत उभा राहिला तर पुन्हा तोच वरचा मजला आधी बांधला जाईल, अशी मला भीती वाटते. मागणे आहे ते एवढेच की मास्क, गोळीची गती आणि हद्दीची जाळी यांबद्दल सर्व मैदानांना लागू होईल अशी एक पानभर संहिता आपण काढावी, वर्षातून एकदा कोणीतरी क्रोनोग्राफ घेऊन अचानक येऊन तपासावे, आणि खाजगी बागायतीत एक दिवसाचा खेळ भरवायचा असेल तर परवानगी कोणाकडे मागायची हे ठरवून द्यावे. आज त्यासाठी पंचायत, पोलीस चौकी आणि आपले कार्यालय असे तीन ठिकाणी हेलपाटे घालावे लागतात आणि तिन्ही ठिकाणी आधी पेंटबॉल म्हणजे काय ते समजावून सांगावे लागते. बंदूक हा शब्द तोंडून निघाला की समोरचा खुर्चीत सावरून बसतो, म्हणून मी आता बरोबर फोटाशच घेऊन जाईन, म्हणजे लवकर कळेल.

माझ्याकडे चौदा जुने यांत्रिक मार्कर आहेत. काही माझे, काही खेळ सोडून गेलेल्या मित्रांनी ठेवायला दिलेले. गेल्या चतुर्थीच्या सुट्टीत मी त्या सर्वांच्या रबरी कड्या बदलल्या, नळ्या साफ केल्या आणि प्रत्येकाची गती 270 फुटांवर आणून ठेवली. जे मैदान किंवा जे गाव पन्नास गोळ्यांचा पहिला रविवार ठरवील त्याला ते मी विनाशुल्क देईन, स्वतः घेऊन येईन आणि दिवसभर पंच म्हणून उभा राहीन. डिचोलीच्या त्या मुलालाही मी निरोप पाठवला आहे, तो आता नोकरीला लागला आहे, आणि "एक गोळी लागली की बाद, नक्की ना?" असे त्याने दोनदा विचारून घेतले. तारीख तेवढी आपण कळवावी.

कळावे,
आपला,
एक जुना खेळाडू व पंच
फोंडा, गोवा